दहा, अकरा, बारा

माझ्या नणंदेला मी ‘वन्सं’ म्हणते. हा शब्द आता कुणी वापरत नाही, ठाऊक आहे मला. लग्न होऊन घरात आले तेव्हा यांची ही मोठी बहीण दारात उभी राहून माझ्याकडे अशी बघत होती, की जणू मी ड्रॉइंगप्रमाणे उतरले आहे की नाही ते तपासतेय. मला चिडवायची हुक्की आली. मुद्दाम जुनापुराणा शब्द शोधून, मान झुकवून म्हटलं, “येऊ का आत, वन्सं?” आणि त्यांना तो चक्क आवडला! झालं, कायमचा चिकटला. बावीस वर्षं झाली.

कारखान्यात त्यांना समोर ‘ताई’ म्हणतात आणि पाठीमागे ‘मायक्रॉनताई’. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, गेल्या वर्षापर्यंत चार मशिनं, बारा माणसं आणि कोपऱ्यात एक काचेची खोली. त्या खोलीत आम्ही दोघी समोरासमोर बसतो. माझ्या टेबलावर कॉम्प्युटर, फोन आणि फायलींचा ढीग. त्यांच्या टेबलावर एक दिवा, एक मऊ फडकं आणि एक बुश. बास. बाकी काही ठेवलं की त्यांच्या कपाळावर आठी उमटते, आणि ती आठी पुसायला अख्खी दुपार जाते.

आमच्याकडे एकच वस्तू बनते. दट्ट्या. पोलादाचा, पेन्सिलीपेक्षा बारीक, बोटाच्या एका पेराएवढा. तो जातो परदेशातल्या एका कंपनीकडे आणि तिथे औषधाच्या पंपात बसतो. आजारी माणसाच्या नसेत थेंब थेंब औषध सोडणारा पंप असतो ना, त्याच्या पोटात आमचा दट्ट्या मागेपुढे होत असतो. जाडी सहा मिलिमीटर, आणि त्यात सूट आठ मायक्रॉनची. म्हणजे सहाच्या वर अजिबात जायचं नाही आणि खाली आठ मायक्रॉनपेक्षा जास्त उतरायचं नाही. डोक्याचा एक केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. केसाच्या नवव्या हिश्श्यात आमचा सगळा संसार चालतो!

आता ते बुश. माझ्या सासऱ्यांनी हाताने बनवलेलं, खालून बंद असलेलं जाड नळकांडं. त्याच्या तोंडाशी दट्ट्या धरून सोडला की आतली हवा त्याला उचलून धरते आणि तो सावकाश खाली उतरतो. दट्ट्या जाड असला तर हवेला निसटायला वाट कमी, म्हणून तो रेंगाळतो. बारीक असला तर लगबगीने तळ गाठतो. वन्सं दट्ट्या सोडतात आणि मोजतात. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, मग बारीकसा श्वास, सात, आठ... तळाला ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत. दहा, अकरा किंवा बाराला टेकला तर त्यांच्या भाषेत तो ‘गोड’. तो उजवीकडच्या ट्रेमध्ये. आधी किंवा नंतर टेकला तर ‘बाजूचा’, तो डावीकडच्या निळ्या क्रेटमध्ये.

बाजूचे म्हणजे खराब नव्हेत हं. तेही ड्रॉइंगमध्ये, म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्या मापात, बसतातच. आमची मशिनं काही इतकी वाईट नाहीत. पण सासरे सांगून गेले होते, की आजारी माणसाच्या नसेला जोडलेली वस्तू नुसती पास होऊन चालत नाही, ती मधोमध बसायला हवी. म्हणून बाजूचे दट्ट्ये गल्लीच्या टोकाला फवारणीचे पंप बनवणाऱ्याकडे जातात आणि गोड तेवढे परदेशी. दहावीनंतर वन्सं वडिलांच्या शेजारी स्टुलावर येऊन बसल्या त्या अजून उठलेल्या नाहीत. आता अठ्ठावन्नच्या आहेत. लग्न केलं नाही. का, ते विचारायची हिंमत मला बावीस वर्षांत झालेली नाही.

तर चार वर्षांपूर्वी त्या परदेशी कंपनीने मापांचे कागद घेणं बंद केलं. सगळ्या पुरवठादारांनी म्हणे इंटरनेटवरच्या एकाच पोर्टलला जोडून घ्यायचं. प्रत्येक दट्ट्याच्या बुडाला लेझरने एक ठिपक्यांचा चौकोन कोरायचा, तोच त्याचा नंबर. मग दट्ट्या जाडी मोजणाऱ्या डिजिटल काट्यावर ठेवायचा, पायाखालचं बटण दाबायचं, की माप थेट पोर्टलवर. हाताने काही टाइप करायचंच नाही. मी कपाळाला हात लावला. यांचं तोंड उतरलं. आमचा सेटर, म्हणजे मशिनं लावून देणारा, पंचवीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस, तोही म्हणाला, “वहिनी, हे आपल्याच्याने नाही व्हायचं.”

आणि वन्सं? मला वाटलं होतं, त्या पहिल्याच दिवशी तो काटा खिडकीतून बाहेर फेकतील. कसलं काय! त्या पोर्टलवर एक नकाशा होता. दट्ट्याचा नंबर टाकला की तो आत्ता कुठे आहे ते दिसायचं. बंदरात आहे, जहाजात आहे, कंपनीत पोचला, पंपात बसला, पंप अमुक शहरातल्या दवाखान्यात गेला. पहिला दट्ट्या दवाखान्यात पोचला तेव्हा नकाशावर टाचणीच्या डोक्याएवढा हिरवा ठिपका उमटला आणि वन्सं खुर्चीतून ताडकन उठल्या.

“हा आपला?”

“आपलाच. चार हजार एकशे अठरा नंबर.”

“म्हणजे आत्ता, या घटकेला, तिथे कुणाला तरी...” त्यांनी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. चाळीस वर्षं त्या दट्ट्ये मोजत होत्या आणि खोक्याला टेप लागली की गोष्ट संपत होती. ते जातात कुठे, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा दिसत होतं!

त्या दिवसापासून बाईंचं नवंच सुरू झालं. सकाळी आल्या की एप्रन घालायच्या आधी माझ्या खुर्चीमागे उभ्या. “आज कुठे पोचले गं?” मी म्हणायची, “वन्सं, मला मेल बघू द्या.” त्या म्हणायच्या, “मेल कुठे पळून जातंय? जहाज जातंय.” भिंतीवर जगाचा एक नकाशा लावून घेतला. त्यात टाचण्या टोचायला लागल्या. शहरांची नावं त्यांना अशी पाठ झाली, की सेटर त्यांना विचारायला लागला, “ताई, आज बर्फाच्या बाजूला की वाळवंटाच्या बाजूला?” गावाची वेस न ओलांडलेली बाई, आणि तिला दोनशे नऊ दवाखाने ठाऊक!

आता माझी चूक सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्याच चुकीचं आहे. पोर्टलवर दर लॉटला दोन रकाने भरायचे होते, ‘बनवले’ आणि ‘नाकारले’. मी काय करायची, वन्संच्या उजव्या ट्रेमधले सहाशे दट्ट्ये काट्यावर मोजायची आणि लिहायची, बनवले सहाशे, नाकारले शून्य. निळ्या क्रेटमधल्यांना काट्यावर ठेवायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. ते थोडेच नाकारलेले होते? ते बाजूचे! आमच्या शेडमध्ये बाजूच्याला नाकारलेला म्हणणं म्हणजे वन्संच्या वडिलांचा अपमान. तीन वर्षं मी अभिमानाने ते शून्य भरत होते.

एका मंगळवारी सकाळी पोर्टल उघडलं तर आमच्या नावापुढे लाल पट्टी.

कंपनीने पुरवठादारांची मापं चाळायला नवं सॉफ्टवेअर बसवलं होतं. त्याने आमची तीन वर्षांची मापं चाळली आणि निकाल दिला. तुमची मापं नैसर्गिक वाटत नाहीत, त्यांत फेरफार झाल्याची दाट शंका आहे. पाठवलेला माल अडकवून ठेवला आहे. शुक्रवारी दुपारी चार वाजता व्हिडिओवर खुलासा करावा. समाधान झालं नाही तर नाव यादीतून कायमचं काढलं जाईल. आणि ती यादी एकट्या त्या कंपनीची नव्हती. त्या धंद्यातल्या सगळ्या कंपन्या तीच बघतात. एकदा खोटारडे ठरलो की जगात कुणीही आमचा दट्ट्या हातात धरणार नाही. बारा माणसं आणि एकच वस्तू.

यांनी दोनदा वाचलं आणि खुर्चीत बसकण मारली. सेटर चुपचाप मशीन बंद करून दारात येऊन उभा राहिला. वन्संनी चष्मा लावून एकेक शब्द माझ्याकडून समजून घेतला. मग विचारलं, “फेरफार म्हणजे खोटं ना?”

“हो.”

“माझ्या मापात?”

मी मान डोलावली. त्यांनी हळूच विचारलं, “नकाशा पण बंद झाला का गं?”

झाला होता. खरं सांगते, त्या क्षणी मला रडूच फुटलं. आणि रडू आलं की मी भांडते, हा माझा स्वभाव.

“तुमच्यामुळेच झालं हे!” मी म्हणाले. “कशाला ती मोजणी? ड्रॉइंगमध्ये बसतंय तेवढं पुरे नाही का? जगात कुणी मोजत बसतं का असं, एक दोन तीन चार?”

यांनी ‘अगं’ म्हणत हात वर केला. वन्संनी त्यांना मोठ्या बहिणीला शोभेल अशा नजरेने गप्प बसवलं आणि माझ्यापुढे निळं क्रेट सरकवलं. “हे ठेव तुझ्या काट्यावर. बघू काय म्हणतोय तो.”

बघायचं काय, डोंबल? पण हात रिकामे ठेवण्यापेक्षा बरं, म्हणून मी पोर्टलची वायर काढली आणि एकेक बाजूचा दट्ट्या काट्यावर ठेवून कागदावर लिहायला लागले. सहातून किती मायक्रॉन कमी, तेवढाच आकडा. सहा. सात. एक. दोन. शून्य. सहा. मग उजव्या ट्रेमधले घेतले. चार. तीन. पाच. चार. चार. तीन. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

तीन वर्षांत आम्ही पाठवलेल्या प्रत्येक दट्ट्याचं माप तीन, चार नाहीतर पाच होतं. एकही दोन नाही, एकही सहा नाही. आमच्यासारख्या जुन्या मशिनांवर हे होणंच शक्य नाही, आणि ते सॉफ्टवेअर तेच म्हणत होतं! मशीन म्हटलं की माप थोडं इकडे, थोडं तिकडे सांडणारच. आमचं सांडलेलं सगळं निळ्या क्रेटमध्ये होतं, आणि ते क्रेट मी जगाला कधी दाखवलंच नव्हतं. वर शून्य लिहून सही ठोकली होती.

“वन्सं,” मी म्हणाले, “चूक माझी आहे.”

“ते नंतर,” त्या म्हणाल्या. “हा बघ, हा चौदाला टेकला होता. तुझा काटा काय म्हणतो?”

“एक.”

“आणि हा नऊला.”

“सहा.”

“हा अकराला.”

“चार.” मी कागदाकडे बघितलं. चौदा आणि एक. नऊ आणि सहा. अकरा आणि चार. “वन्सं! बेरीज पंधरा येतेय! दर वेळी पंधरा!”

मग काय विचारता! सेटर धावत आला, हे धावत आले, आम्ही तीस दट्ट्ये करून बघितले. वन्सं मोजायच्या, काटा आकडा दाखवायचा, आणि आम्ही तिघं एका सुरात ओरडायचो, “पंधरा!” कधी चौदा, कधी सोळा, पण त्यापलीकडे नाहीच. सासऱ्यांनी ते बुश बेतलं तेव्हा डिजिटल काटा हा शब्दसुद्धा जन्मला नव्हता. वन्संना या बेरजेचं काही विशेष वाटलं नाही. “मोजतेय चाळीस वर्षं,” त्या म्हणाल्या, “चुकीचं मोजत असेन का?”

शुक्रवार उजाडला. काचेची खोली पुसून घेतली, लॅपटॉप फायलींच्या ढिगावर चढवला, आणि यांनी लग्नातसुद्धा घातला नव्हता इतका कडक इस्त्रीचा शर्ट घातला. बरोबर चारला पडद्यावर एक बाई आल्या. कंपनीच्या गुणवत्ता विभागाच्या प्रमुख. केस पांढरे, चेहरा गंभीर. त्या बोलायच्या त्यांच्या भाषेत आणि खाली आपल्या भाषेत अक्षरं उमटायची. आमचं बोलणं तिकडे तसंच. त्यांनी सुरुवातच केली, “माझ्याकडे एक तास आहे. मला पटवून द्या.”

आधी मी माझं शून्य कबूल केलं. निळं क्रेट कॅमेऱ्यासमोर धरलं. बाईंनी चेहऱ्यावरची रेषही हलवली नाही. मग सेटरने त्यांच्या डोळ्यांदेखत मशीनवर दहा नवे दट्ट्ये काढले आणि मी ते काट्यावर ठेवले. शून्यापासून सातपर्यंत सगळीकडे सांडलेले.

“हे मला खरं वाटतं,” बाई म्हणाल्या. “पण यातून तुम्ही तीन, चार, पाच तेवढेच कसे निवडता? तुमच्या काट्यावर नाकारलेल्यांची नोंदच नाही.”

“काट्याने नाही निवडत,” मी म्हणाले. “या निवडतात.” आणि लॅपटॉप वन्संकडे वळवला.

वन्संनी दट्ट्या सोडला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, श्वास, सात, आठ, नऊ, दहा, अकरा. टक्. “चार असेल,” त्या म्हणाल्या. मी काट्यावर ठेवला. चार.

बाई जरा पुढे सरकल्या. “योगायोग असू शकतो.”

“असू शकतो की,” वन्सं म्हणाल्या. “वीस घ्या.”

उजव्या ट्रेमधले दहा आणि निळ्या क्रेटमधले दहा, असे वीस दट्ट्ये सेटरने फडक्यात घालून हलवले. ठरलं असं, की वन्संनी आधी आपला आकडा सांगायचा, मग मी पायाखालचं बटण दाबायचं, म्हणजे माप आमच्याआधी त्यांच्या पडद्यावर. बेरजेचं गुपित मी बाईंना सांगून ठेवलं. त्यांनी समोर कागद ओढला.

पहिला. “तेरा.” काटा म्हणाला, दोन. दुसरा. “आठ.” काटा, सात. तिसरा. “बारा.” तीन. चौथ्याला सोळा आली, बाईंनी भुवई उचलली, “एकाची सूट चालेल,” म्हणाल्या. मग पाचवा पंधरा, सहावा पंधरा, सातवा पंधरा! शेडमधली मशिनं कधी बंद पडली कुणास ठाऊक, बाकीची सगळी माणसं काचेला नाक लावून उभी होती. बाईंच्या चेहऱ्यावरचा गंभीरपणा हळूहळू ढिला व्हायला लागला. दहावा, अकरावा, बारावा. आता त्याही बेरीज मोठ्याने म्हणायला लागल्या होत्या! सतरा झाले. उरले तीन.

अठरावा. वन्सं मोजत होत्या. टक्. “बारा.”

काट्यावर तीन यायला हवेत. आले पाच.

बारा आणि पाच, सतरा. हे मागून पुटपुटले, “पुसून परत ठेव, पुसून.” मी फडकं उचललं. दट्ट्या पुसला, काट्याची टोकं पुसली, देवाचं नाव घेऊन परत ठेवला. पाच.

“यंत्राला कशाला पुसतेस?” वन्सं शांतपणे म्हणाल्या. “त्याचं बरोबर आहे. मी चुकले.” मग त्या थेट कॅमेऱ्याकडे बघून बोलल्या. “बाई, तुमच्या मागे खिडकी आहे ना, तिच्यात काहीतरी पांढरं पांढरं पडतंय. बर्फ आहे का तो? मी कधी बघितला नाही. त्याच्याकडे बघताना माझी मोजणी पुढे पळाली. दहाच होते ते.”

अक्षरं पलीकडे उमटली असावीत. बाईंनी मान वळवून खिडकीकडे बघितलं. खरंच बर्फ पडत होता. त्या बराच वेळ तिकडेच बघत राहिल्या, आणि वळल्या तेव्हा हसत होत्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या!

“ताई,” त्या म्हणाल्या, कारण आम्ही सगळे तसंच म्हणताना त्यांनी ऐकलं होतं, “तुमचे वीसच्या वीस बरोबर आले असते तर माझी झोप उडाली असती. जे कधीच चुकत नाही, त्याच्यावर आमचं सॉफ्टवेअर संशय घेतं, आणि मीही घेते. उरलेले दोन करा. पण आधी हे बघून घ्या.” आणि त्यांनी कॅमेरा उचलून खिडकीबाहेर धरला.

आम्ही सगळी माणसं काचेच्या त्या खोलीत दाटीवाटीने उभी राहून बर्फ बघत होतो. नाव यादीतून जायला वीस मिनिटं उरली असताना! वन्संनी हनुवटीला बोट लावलं होतं. मग त्या फिरल्या आणि उरलेले दोन दट्ट्ये मोजले. पंधरा. पंधरा.

सोमवारी अकरा वाजता लाल पट्टी गेली आणि नकाशा परत आला. आमच्या शेडमध्ये जो दंगा झाला तो पलीकडच्या शेडवाल्याने अजून माफ केलेला नाही. अट एकच होती. यापुढे प्रत्येक दट्ट्या आधी काट्यावर मोजायचा, मग वन्संनी निवडायचा, आणि निळ्या क्रेटमधल्यांचीही नोंद करायची. ‘नाकारले’ हा शब्द वन्संनी काही मान्य केला नाही. बाईंनी आमच्यासाठी पोर्टलवर वेगळा रकाना करून दिला, ‘बाजूचे’. एवढ्या मोठ्या कंपनीच्या पोर्टलवर आपल्या भाषेतला एक शब्द! मी त्याचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. कुणाला काही कळलं नाही, ती गोष्ट वेगळी.

पण खरी बातमी दुसरीच होती. कंपनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी नवा पंप काढत होती. त्या बाळांना एक थेंबसुद्धा जास्त होतो, म्हणून त्यांना आठ मायक्रॉनची सूट चालणार नव्हती. त्यांना तीन, चार, पाच असेच दट्ट्ये हवे होते. म्हणजे गोड. आम्ही तीन वर्षं तेच तर पाठवत होतो! फक्त बाई म्हणाल्या, की बाळांच्या पंपाचं काम एकाच ठिकाणी ठेवणं धोक्याचं आहे. तुमची वीज गेली, बंदर बंद पडलं, तर पंप थांबता कामा नये. दुसऱ्या एका देशात तुमच्याएवढाच कारखाना आहे, त्यांनाही ही मोजणी शिकवाल का? ताईंचा व्हिडिओ पाठवा, बुश आम्ही बनवून देऊ.

यांनी मान हलवली. “आपली एवढीच तर खासियत आहे, ताई. ती पण वाटून टाकायची? उद्या सगळं काम तिकडे गेलं तर?”

“गेलं तर जाईल,” वन्सं म्हणाल्या. “बाळाला काय कळतंय, दट्ट्या कुठला ते. तू कॅमेरा धर.” मग माझ्याकडे वळून, “माझा चष्मा पुसून दे, डाग दिसायला नकोत.” यांचा चेहरा पडला, पण कॅमेरा यांनीच धरला.

काम गेलं नाही. उलट आम्ही पाचवं मशीन घेतलं आणि दोन नवीन मुली मोजायला ठेवल्या. त्या व्हिडिओचं पुढे काय झालं ते मात्र कळलं नाही. सहा महिने गेले आणि मग बाईंचं बोलावणं आलं. त्या दुसऱ्या कारखान्याचा पहिला लॉट निघतोय, ताईंनी बघावा.

पडद्यावर दोन चौकोन आले. एकात आमच्या बाई. दुसऱ्यात पत्र्याची शेड, मागे पंखा, तेलाचे डाग पडलेला खांब. आमचीच शेड म्हणून खपली असती. टेबलापाशी निळी टोपी घातलेली एक बाई बसली होती, वन्संपेक्षा वीसेक वर्षांनी लहान. समोर दिवा, मऊ फडकं आणि बुश. बाकी काही नाही. वन्संच्या व्हिडिओत होतं तेवढंच तिने मांडलं होतं.

ती आमच्याकडे बघून लाजून हसली, तिच्या भाषेत काहीतरी बोलली. खाली अक्षरं उमटली, ‘नमस्कार ताई, चुकलं तर सांगा.’ मग तिने दट्ट्या सोडला आणि मोजायला लागली.

“एक. दोन. तीन.”

मी कान टवकारले. खाली अक्षरं नव्हती. लागतच नव्हती. ती आमच्या भाषेत मोजत होती! तिच्या भाषेतले आकडे लहानमोठे, वन्संच्या चालीत बसेनात, म्हणून तिने आकडेच वन्संचे उचलले होते. एकदोन उच्चार वेडेवाकडे, पण चाल तंतोतंत. “चार. पाच. सहा.”

आणि सहानंतर तिने बारीकसा श्वास घेतला.

वन्संचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. “सात. आठ. नऊ. दहा. अकरा.” टक्.

तिने दट्ट्या उचलून आपल्या काट्यावर ठेवला आणि बटण दाबलं. आमच्या पडद्यावर आकडा आला, चार.

वन्संनी चष्मा काढला, फडक्याने डोळे पुसले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “पंधरा.”